साडेसहाच्या सूचना

१० जानेवारी १९९४

आज सकाळी बसची वाट बघताना आईने विचारलं, "तू तिथे नेमकं करणार काय?" मी जमैकाला तीन वर्षं राहून जनसंज्ञापनाची पदवी घेतली आहे आणि आज टीव्ही स्टेशनवर माझा पहिला दिवस. मी म्हटलं, बातम्या सांगणार. तिने विचारलं, कोणाच्या? मी म्हटलं, सगळ्यांच्या. ती म्हणाली, "ते तर फिडेलिया फुकट करते." मिस फिडेलिया आमच्या शेजारी राहते.

आई आमच्या गुआव्ह गावातल्या कोठारात जायफळं निवडते. चांगली एका टोपलीत, किडकी दुसरीत. घरात पदवी घेतलेली मी पहिली. अंगठ्याऐवजी सही करणारी आई पहिली. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच मोठ्या वाटतात, पण आईला असं काही म्हटलं की ती विषय बदलते.

टीव्ही स्टेशन राजधानीत, सेंट जॉर्जेसच्या टेकडीवर आहे. दोन कॅमेरे आहेत, त्यातला एक चालतो. मुख्य निवेदक मिस्टर आल्बन कॅडोर यांनी स्वतः उठून हात मिळवला. मी तेरा वर्षांची असल्यापासून रोज सात वाजता त्यांना बघत आले. आमच्या गल्लीत टीव्ही पहिल्यांदा आमच्याकडे आला, कारण हार्डवेअरवाले मिस्टर एल्डन पास्कॉल यांच्या दुकानात एक संच जास्तीचा पडून होता आणि तो त्यांनी आईला देऊन टाकला. जमैकाला जाताना माझी सुटकेसही त्यांच्याच दुकानातली, कोणीतरी परत केलेली. श्रीमंत माणसाला गावातल्या मुलींच्या शिक्षणाबद्दल इतकी आस्था असणं ही चांगली गोष्ट आहे. आई त्यांचे कधी आभार मानत नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

१२ जानेवारी

पहिले सहा महिने मी बातम्या वाचणार नाही. मी साडेसहाच्या सूचना वाचणार आहे.

म्हणजे निधनाच्या सूचना. ही जबाबदारी कोणाला तरी द्यायची असते म्हणून मला दिली आहे. आजच्या दिवसातली एक सूचना चार मिनिटांची होती. एक म्हातारी वारली, एवढीच त्यातली बातमी. मग मुलं, नातवंडं, पतवंडं, ब्रुकलिनमधले नऊ, टोरांटोमधले चार, लंडनमधले, त्रिनिदादमधले, भाचे, पुतणे, मानलेल्या मुली, चर्चमधल्या बहिणी, आणि शेवटी 'इतर पुष्कळ, ज्यांची नावं घेणं शक्य नाही'. जायफळाचा भाव पडल्याच्या बातमीला सात वाजता चाळीस सेकंद मिळाले.

मी कॅडोर सरांना विचारलं, हे आपण का वाचतो. ते म्हणाले, "आपलं बेट बातम्या बघताना जेवतं. सूचना बघताना चमचा खाली ठेवतं."

मला हे समाजाच्या मागासलेपणाचं लक्षण वाटतं. तसं मी बोलले नाही.

१९ जानेवारी

आज पहिल्यांदा वाचलं. पाच सूचना, दोन ठिकाणी अडखळले.

घरी आले तेव्हा मिस फिडेलिया कुंपणावर हात ठेवून उभीच होती. म्हणाली, टीव्हीवर माझं कपाळ आणि जिवणी फार ओळखीची वाटली. "वाटी हातातच राहिली, पोरी. मी म्हटलं, अगं बाई, हे तर अगदी समोर आलं." प्रेक्षकाला निवेदक ओळखीचा वाटणं ही या व्यवसायातली पहिली पायरी, असं आमच्या पाठ्यपुस्तकात होतं. मी आईला आनंदाने सांगितलं. आई म्हणाली, फिडेलियाला चष्मा लागलाय.

२० जानेवारी

मिस्टर पास्कॉल यांनी बसथांब्याजवळ जीप थांबवली. आवाज स्वच्छ आला म्हणाले. मग म्हणाले, "मान जरा डावीकडे जाते तुझी. जपायला हवं. ती सवय सुटत नाही." त्यांची स्वतःची मानही डावीकडे झुकलेली असते, म्हणून त्यांना हे कळत असावं. मी आभार मानले. आई मागे उभी होती, ती समुद्राकडे बघत राहिली. बस समुद्राकडून येत नाही.

२ फेब्रुवारी

आज वीज गेली होती आणि सरांनी त्यांच्याबद्दल सांगितलं. मी विचारलं म्हणून. ते स्वतःहून काही सांगत नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी ते इंग्लंडला गेले. टपालखात्यात पिशव्या उचलल्या, संध्याकाळच्या शाळेत गेले, मग रेडिओ, मग एका प्रांतातल्या वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या. तिथे बातम्या वाचणारा काळा माणूस तेव्हा कोणी बघितला नव्हता. पहिल्या आठवड्यात एका बाईचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं की आवाज उत्तम आहे, पण आमच्या संचात रंगाचा बिघाड झाला आहे का, ते कृपया कळवावं. सरांनी उत्तर पाठवलं की बिघाड नाही, संच चांगला दिसतो आहे. ती बाई पुढे सोळा वर्षं त्यांना नाताळचं कार्ड पाठवत होती.

मी विचारलं, एवढं सोडून परत का आलात? मला वाटलं, ते देशसेवा म्हणतील. ते म्हणाले, त्यांची आई वारली त्या दिवशी ते तिकडे रस्त्यावरच्या वाहतुकीची बातमी वाचत होते. इथे रेडिओवर सूचना वाचली गेली. भावाने त्याची ध्वनिफीत पाठवली. अकरा नावं, आणि मग 'इंग्लंडमध्ये आल्बन'.

"तिकडे रोज आठ लाख लोक माझं नाव ऐकत होते," ते म्हणाले. "पण ते त्या यादीत आलं तेव्हा मी खुर्चीत बसलो."

इतका मोठा माणूस आणि अशा लहान गोष्टीत अडकलेला, असं मला वाटलं. वीज आली आणि आम्ही कामाला लागलो.

१५ फेब्रुवारी

मी टिपण लिहून दिलं आहे. 'निधनसूचनांचे आधुनिकीकरण', साडेतीन पानं. मुख्य मुद्दे असे: जवळचे नातेवाईक तेवढेच घ्यावेत, नाव कागदोपत्री असेल तेच वाचावं, टोपणनावं गाळावीत, कारण ती मृताच्या प्रतिष्ठेला शोभत नाहीत आणि कधीकधी चुकीची माहिती देतात. वाचलेल्या वेळात आरोग्याबद्दल काही सांगता येईल.

सरांनी दोनदा वाचलं. म्हणाले, एक आठवडा करून बघ. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तो त्यांचा व्यवसायच आहे.

२२ फेब्रुवारी

सगळ्या सूचना सहा मिनिटांत झाल्या. स्वच्छ, नेमक्या. एका फॉर्मवर लिहिलं होतं, 'ग्रेनव्हिलचे हर्बर्ट अलेक्सिस, ज्यांना पोलीस म्हणत'. मी कर्मचारी लायरिसला विचारलं, हे पोलिसात होते का? लायरिस फॉर्म घेते आणि पावत्या देते. ती म्हणाली, छे, बस चालवायचे. कधीतरी लहानपणी शिट्टी वाजवली असेल. म्हणजे 'पोलीस' हे सरळसरळ असत्य होतं. ते मी गाळलं आणि 'हर्बर्ट अलेक्सिस, वय एकाहत्तर' असं सन्मानाने वाचलं. आठवडाभरातलं हे माझं सर्वात चांगलं वाचन होतं.

२८ फेब्रुवारी

आज दुपारी हर्बर्ट अलेक्सिस यांच्या घरच्या मिस ईना नावाच्या बाई स्टेशनवर आल्या. काळा पोशाख, हातात कापडाने झाकलेली ताटली. लायरिसने खुर्ची दिली. त्या बसल्या आणि सूचना वाचणारी मुलगी कोण, असं विचारलं. मी पुढे झाले.

त्या आवाज चढवतील असं वाटलं होतं. त्यांनी चढवला नाही. म्हणाल्या, अंत्यविधीसाठी त्यांनी दोनशे माणसांचा स्वयंपाक केला होता. चर्चमध्ये अकरा माणसं आली, त्यातले सहा पेटी उचलणारे. पाळक दहा मिनिटं थांबले, मग सुरू केलं. शनिवारी बाजाराच्या दिवशी थांब्यावर लोक विचारत होते, पोलीस आज कुठे राहिला, आजारी आहे का. कोणीतरी म्हणालं, तो गेला, टीव्हीवर सांगितलं. लोक म्हणाले, टीव्हीवर तर कोणी हर्बर्ट होता.

"मलाच त्याचं हर्बर्ट नाव फॉर्म भरताना आठवावं लागलं, बाई," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्याने या बेटाला दुसऱ्यांच्या मयताला नेलं. त्याला न्यायला अकरा."

ताटलीत उरलेल्यातला नीरफणस आणि खारवलेलं मांस होतं. त्या म्हणाल्या, फेकवत नाही, खा. मी त्यांच्यासमोर खाल्लं. दुसरं काय करावं ते मला कळलं नाही.

नंतर मी सरांना म्हटलं, मी राजीनामा देते. ते म्हणाले, चूक माझीही आहे. तू भाचे-पुतणे कमी करशील एवढंच मला वाटलं होतं. "टोपणनावाला हात लावशील असं वाटलंच नाही. तू गावातली, मी बाहेर राहिलेला." मग म्हणाले की राजीनामा दिला तर उद्याच्या चार सूचना त्यांना वाचाव्या लागतील आणि त्यांचा घसा बसलाय.

१ मार्च

एक नियम लिहून लायरिसच्या खिडकीवर आणि माझ्या टेबलासमोर चिकटवला आहे: 'फॉर्मवर जे लिहिलं आहे ते सर्व वाचलं जाईल. जे लिहिलेलं नाही ते वाचलं जाणार नाही. निवेदक एकही नाव गाळणार नाही व एकही घालणार नाही.' खाली माझी सही.

साडेसहाला मी पहिल्यांदा असं वाचलं: 'यापूर्वी हर्बर्ट अलेक्सिस म्हणून सूचना दिलेले गृहस्थ म्हणजे पोलीस.' त्यापुढे काही जोडलं नाही.

७ मार्च

लायरिसचा भाऊ ग्रेनव्हिलला असतो. तो म्हणाला, काल रविवारी पोलीसच्या थडग्यावर फुलं ठेवायला जागा नव्हती आणि रस्त्यात नऊ बसगाड्या उभ्या होत्या. मिस ईनांनी पुन्हा स्वयंपाक केला. मला बोलावलं नव्हतं. ते बरोबरच आहे.

२० एप्रिल

आज मिस्टर पास्कॉल स्टेशनवर आले. त्यांचा मोठा मुलगा कर्टिस आता दुकान बघतो आणि सातच्या बातम्या 'पास्कॉल अँड सन्स यांच्या सौजन्याने' असतात, तेव्हा मला वाटलं त्यासंबंधी काही काम असेल. पण ते लायरिसच्या खिडकीसमोर उभे राहून माझा नियम वाचत होते. बराच वेळ. तब्येत उतरली आहे, टोपी हातात होती.

मी बाहेर जाऊन नमस्कार केला. त्यांनी विचारलं, हा नियम तू केलास? मी हो म्हटलं आणि पोलीसची गोष्ट सांगितली. ती त्यांना माहीत होती. मग म्हणाले, "आणि लिहिणाराच एखादं नाव विसरला तर?"

मी म्हटलं, "तर ते नाव नाही, साहेब."

"विसरला नसेल, पण लिहिलं नसेल तर?"

मी समजावून सांगितलं की स्टेशनच्या दृष्टीने दोन्ही एकच. आपण माणसाच्या मनात शिरू शकत नाही, कागद वाचू शकतो. माझा मुद्दा नीट मांडला गेला असं मला वाटलं. ते म्हणाले, कडक नियम आहे. मग विचारलं, फॉर्म कोण भरू शकतं? मी म्हटलं, कोणीही. एका माणसाच्या दोन सूचना आल्या तरी आम्ही दोन्ही वाचतो. तसं होतंही, एक घरून येते आणि एक दुसऱ्या घरून. यावर लायरिस खोकली.

त्यांनी एक कोरा फॉर्म मागितला. घडी घालून टोपीत ठेवला. जाताना पिकलेल्या आंब्यांची पिशवी ठेवून गेले, दुकानातली जास्तीची म्हणाले. हार्डवेअरच्या दुकानात आंबे कसे, हे घरी येताना माझ्या डोक्यात आलं.

आईने आंबे घेतले. मिस्टर पास्कॉल कसे दिसत होते, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बारीक झालेत. तिने आंबे धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

११ मे

दोन गोष्टी.

एक: सरांनी सांगितलं की शुक्रवारी, एक जुलैपासून सातच्या बातम्या मी वाचेन. ते आठवड्यातून दोनच दिवस वाचतील. मी स्वच्छतागृहात जाऊन आरशासमोर 'शुभ संध्याकाळ' म्हणून बघितलं. मान सरळ होती.

दुसरी: मिस फिडेलिया सांगत होती की पास्कॉलांच्या घरात साडेसहा वाजता टीव्ही बंद करायचा असा मिसेस पास्कॉल यांचा हुकूम आहे, जानेवारीपासूनच. आणि मिस्टर पास्कॉल म्हणून रोज सहा वाजता, छातीचं दुखणं असताना, चालत दुकानात जातात आणि विक्रीसाठी मांडलेल्या संचावर सूचना बघतात. मी म्हटलं, आजारी माणसासमोर निधनाच्या सूचना नकोत असं त्यांना वाटत असेल, बरोबर आहे. मिस फिडेलियाने कपाळाला हात लावला. म्हणाली, "तुला जमैकाला शिकवलं तरी काय, पोरी?"

मी तिला अभ्यासक्रम सांगितला.

२७ जून

मिस्टर पास्कॉल पहाटे गेले. हृदय. परवा कोळ्यांचा सण. गावात होड्या रंगवून ठेवल्या आहेत, पताका लावल्या आहेत, आणि सकाळी कोणीतरी जाऊन पताका अर्ध्यावर आणल्या.

आई कोठारात गेली नाही. तेवीस वर्षांत तिने एकही खाडा केलेला मला आठवत नाही. तिने जांभळा पोशाख काढला, इस्त्री केली, टांगला. मग तोच पुन्हा काढून इस्त्री केली. मी म्हटलं, ते आपल्याशी नेहमी चांगले वागले, पण तुला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. ती म्हणाली, बस चुकेल तुझी.

२८ जून

सगळं क्रमाने लिहिते.

दहा वाजता कर्टिस पास्कॉल फॉर्म घेऊन आले. स्वच्छ टंकलेला होता. एल्डन पास्कॉल, वय बासष्ट, व्यापारी, पत्नी मिरियम, सहा मुलं, चौदा नातवंडं, चर्च, व्यापारी मंडळ, क्रिकेट मंडळ. मी नियमाप्रमाणे एकेक नाव त्यांना वाचून दाखवलं आणि विचारलं, कोणी राहिलं नाही ना? ते माझ्या कपाळाकडे बघत होते. म्हणाले, कोणी नाही. मी शिक्का मारला.

बारा वाजता आई आली. ती स्टेशनवर पहिल्यांदाच आली. जांभळा पोशाख, डोक्याला रुमाल. लायरिसने माझ्याकडे न बघता मागची खोली उघडून दिली.

आईने पिशवीतून घडी घातलेला फॉर्म काढला. एप्रिलमध्ये त्यांनी नेलेला. दुकानाच्या पाट्यांवर असतात तशी मोठी, वेगळी वेगळी अक्षरं. नाव: एल्डन पास्कॉल. टोपणनाव: टिटिरी. टिटिरी ही आमच्याकडे नदीच्या तोंडाशी मिळणारी बोटाएवढी मासळी. टोपलीभर घेतली तर एक घास होतो. दुकान होण्याआधी ते जाळ्यावर काम करत, तेव्हाचं नाव. पत्नी: मिरियम. स्नेही: ओलिव्ह टेल्सफर्ड. ओलिव्ह माझी आई.

मुलं, याखाली त्यांनी आकडे घातले होते. एक, कर्टिस. दोन, मार्व्हा. तीन, डेन्झिल. चार, आणि पुढे काही नाही. पाच, लेनक्स. सहा, शेरिल. सात, गिडियन.

डेन्झिल माझ्या शाळेत दोन वर्षं पुढे होता. लेनक्स एक वर्ष मागे.

माझे वडील ॲरुबाला तेलाच्या कारखान्यात गेले आणि परत आले नाहीत, असं मी लहानपणापासून सांगत आले आहे. शाळेत मी ॲरुबावर निबंध लिहिला होता, त्याला बक्षीस मिळालं होतं. बक्षीस मिस्टर पास्कॉल यांच्या हस्ते होतं.

आईने सांगितलं ते थोडक्यात असं. आठवड्यापूर्वी त्यांनी हा कागद कोठाराच्या दारात तिच्या हातात दिला. म्हणाले, चार नंबर लिहायला बसलो की हात थांबतो, तू लिही. ती म्हणाली, ते तुमचं काम. ते पुढच्या सोमवारी लिहितो म्हणाले. तो सोमवार कालचा.

"मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही," आई म्हणाली. "तो टीव्हीसुद्धा नाही. आणि तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू नुसती त्यांची झाली असतीस. इथे तू माझी होतीस."

मी विचारलं, गावात कोणाला माहीत आहे? तिने विचार केला. म्हणाली, तुला सोडून ना?

बातम्यांची पदवी माझ्याकडे आहे.

मी फॉर्म घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचला. चारच्या जागी बोट ठेवलं आणि तिथेच ठेवलं. मी म्हटलं, हा फॉर्म अपुरा आहे, सर, आणि भरणारा हयात नाही, काय करायचं? ते म्हणाले, नियम तुझा आहे. मी म्हटलं, फॉर्म कोणीही भरू शकतं. त्यांनी मान डोलावली. मग शांतपणे सांगितलं की सातच्या बातम्यांआधी पास्कॉल अँड सन्स यांचं नाव येतं आणि शुक्रवारबद्दल ते आता मला शब्द देऊ शकत नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे. ते म्हणाले, "ठीक नाही. पण तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मी लायरिसच्या खिडकीसमोर, बाहेरच्या बाजूला, रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं झाल्यावर मी लायरिसचं पेन घेतलं आणि चारच्या पुढे माझं नाव लिहिलं, व्हर्लिन. त्यांच्या अक्षरासारखं काढायचा प्रयत्न केला नाही. शाईही वेगळी आहे. वारल्याची तारीख, अंत्यविधीची वेळ भरली आणि 'माहिती देणाऱ्याची सही' या जागी माझी सही केली. लायरिसने पावती फाडली आणि विचारलं, "नातं?" मी म्हटलं, मुलगी. तिने लिहून घेतलं. लिहिताना ती मला म्हणाली, "टिटिरी हवंच हं. नाहीतर होड्यांवरची म्हातारी माणसं येणार नाहीत."

आई खोलीतून बाहेर आली होती. तिने फॉर्म उलटा वाचला आणि म्हणाली, माझं नाव काढ, तुझं राहू दे. मी भिंतीकडे बोट केलं: एकही नाव गाळलं जाणार नाही.

"हा नियम कोणी केला?"

"मी."

"तरीच," ती म्हणाली आणि खुर्चीवर बसली. अडीचची बस गेली, चारची गेली. ती बसून राहिली.

साडेसहाला मी सहा सूचना वाचल्या. तिसरी कुटुंबाने दिलेली होती. ती अक्षरही न बदलता वाचली, चौदा नातवंडांसकट. मग चौथी उचलली. 'गुआव्हचे एल्डन पास्कॉल, कोळ्यांमध्ये टिटिरी. त्यांच्या मागे पत्नी मिरियम. मुलं कर्टिस, मार्व्हा, डेन्झिल, व्हर्लिन, लेनक्स, शेरिल आणि गिडियन. स्नेही ओलिव्ह टेल्सफर्ड.' कुठे थांबले नाही, कुठे घाई केली नाही. मग पाचवी आणि सहावी.

वाचताना मान डावीकडे गेली होती. समोरच्या छोट्या पडद्यावर मला ती दिसत होती. मी ती सरळ केली नाही.